फौजेतून परतलेल्या लेकींच्या वर्षांचा हिशोब



या पानावर आम्ही एरवी लागणीच्या तारखा, खतांचे हप्ते, हुमणीचा बंदोबस्त आणि खोडव्याची निगा यांबद्दल लिहीत असतो. या वेळी विषय थोडा वेगळा घेतला आहे. परंतु तो आपल्या बांधापासून फार लांबचा नाही, हे पुढे वाचल्यावर आपणांस पटेल.

आपला सातारा-सांगलीचा मुलूख फौजेला माणसे देणारा. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव तर 'अपशिंगे मिलिटरी' याच नावाने ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले, त्यांची स्मारकशिला गावात उभी आहे. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ साली निघाली ती साताऱ्यालाच. ऊस नोंदीच्या निमित्ताने आम्ही कोयनाकाठच्या ज्या गावांतून फिरतो, त्यांत फौजी पेन्शनरांचे घर नाही असे गाव क्वचितच आढळते.

पुरुषमाणूस फौजेतून परत आला म्हणजे गाव त्याचे काय करायचे ते जाणते. तो 'सुभेदार' किंवा 'मेजर' होतो, मग हुद्दा कोणताही असो. पारावर त्याला जागा मिळते. पंधरा वर्षे नोकरी केलेल्या जवानाला पेन्शन असते. त्या पैशातून विहीर होते, पाइपलाइन होते, पोरांची शिक्षणे होतात. पुढे सोसायटीच्या निवडणुकीत पॅनेलवाले त्याला शोधत घरी येतात. शंभर वर्षांच्या सवयीने ही वाट मळलेली आहे.

आता मुलीही जात आहेत. त्या परत आल्या म्हणजे त्यांना कोणती वाट?

कोयनानगर येथे झालेल्या एका शेतकरी मेळाव्यात हा प्रश्न एका सभासदाने आम्हाला सरळच विचारला. विषय चालला होता खोडव्याचा. शेवटी शंका विचारा म्हटल्यावर ते उठले आणि म्हणाले, "सायेब, पोरगी भरतीसाठी रोज पहाटे पळाया जातीय. लागंल बी. पण चार वर्सांनी घरी आली म्हंजी तिचं फुडं काय?" मागून कोणी तरी म्हणाले, "काय म्हंजे? लगीन!" सगळे हसले. विचारणारे मात्र हसले नाहीत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी पाच मिनिटांत देण्यासारखे नव्हते, म्हणून हा लेख.

आधीच्या बायकांचे काय झाले

फौजेत गेलेल्या बायका म्हटल्या की आपल्याला प्रथम झाशीच्या राणीचे नाव आठवते. ती तांब्यांची लेक, आपल्याच मराठी घरातली. तिच्या नावाने नेताजी सुभाषबाबूंनी १९४३ साली आझाद हिंद सेनेत स्त्रियांची पलटण उभी केली. तिच्या प्रमुख कॅप्टन लक्ष्मी या मद्रासच्या डॉक्टर. ब्रह्मदेशात त्या पकडल्या गेल्या आणि १९४६ साली त्यांना हिंदुस्थानात आणले. पुढे प्रेम सहगल यांच्याशी लग्न होऊन त्या कानपूरला राहिल्या, तेथे दवाखाना घातला, फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्या निर्वासितांची आणि गोरगरिबांची सेवा केली. २०१२ साली ९७ व्या वर्षी वारल्या, तोवर रुग्ण तपासणे त्यांनी सोडले नव्हते.

लक्ष्मीबाई उभ्या राहिल्या, कारण पलटणीत जाण्यापूर्वीच त्यांच्या हातात डॉक्टरीची पदवी होती. त्यांच्या बरोबरच्या पुष्कळ मुली मलायातल्या रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या कुटुंबांतल्या होत्या. त्यांच्याजवळ अशी पदवी नव्हती. आझाद हिंद सेनेतल्या सेवेची सरकारी पेन्शनसाठी दखल घेतली गेली ती १९७२ सालच्या स्वातंत्र्यसैनिक पेन्शन योजनेत, म्हणजे सत्तावीस वर्षांनी.

स्वातंत्र्यानंतर सैन्यात बायका होत्या त्या मुख्यतः डॉक्टर आणि परिचारिका म्हणून. या परिचारिकांना एक नियम लागू होता. १९७७ च्या एका सैन्य आदेशाप्रमाणे, लग्न केले म्हणून परिचारिका अधिकाऱ्याला नोकरीवरून कमी करता येत असे. सेलिना जॉन नावाच्या लेफ्टनंट बाईंना १९८८ साली असेच घरी पाठविण्यात आले. त्यांचा गुन्हा इतकाच की त्यांनी लग्न केले. नियम १९९५ साली मागे घेण्यात आला, पण बाईंची नोकरी गेली ती गेलीच. त्या कोर्टात गेल्या. शेवटी १४ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कमी करणे बेकायदा ठरवून ६० लाख रुपये देण्याचा हुकूम केला. मधे गेली छत्तीस वर्षे. ऐन उमेदीची वर्षे परत देणारे कोर्ट कोठेच नाही.

चौदा आणि वीस

इतर शाखांत स्त्री अधिकाऱ्यांची भरती १९९२ साली सुरू झाली. पहिल्या तुकडीत २५ जणी होत्या. मद्रासच्या प्रशिक्षण प्रबोधिनीतून त्या ६ मार्च १९९३ रोजी अधिकारी होऊन बाहेर पडल्या. ही भरती अल्प मुदतीची. प्रथम पाच वर्षे, मग मुदत वाढत वाढत चौदा वर्षांपर्यंत. मेख इथेच होती बघा. अधिकाऱ्याला पेन्शन लागू होते ती वीस वर्षांच्या सेवेवर. पुरुष अधिकारी अल्प मुदतीवर आला तरी त्याला कायम नेमणूक मागता येत असे. बाईला ती सोय नव्हती. म्हणजे चौदा वर्षे नोकरी करून, पस्तिशी-चाळिशीला, हातात एकरकमी ग्रॅच्युइटी घेऊन तिने बाहेर पडायचे आणि पेन्शन शून्य.

आपल्या भाषेत सांगायचे तर, चौदा महिने ऊस सांभाळला, तोडला, गाडीत भरला, आणि काट्यावर सांगितले की वीस महिन्यांच्या उसाचीच पावती फाडतो, तर सभासदाला काय वाटेल?

बबिता पुनिया या वकील बाईंनी २००३ साली दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज केला आणि पुढे अनेक स्त्री अधिकारी त्यात सामील झाल्या. २००८ साली कायदा आणि शिक्षण या दोन शाखांपुरती कायम नेमणूक सरकारने उघडली. १२ मार्च २०१० रोजी उच्च न्यायालयाचा निकाल बायकांच्या बाजूने लागला. सरकार वर अपिलात गेले. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सेवेत असलेल्या सर्व अल्प मुदतीच्या स्त्री अधिकाऱ्यांचा कायम नेमणुकीसाठी विचार झाला पाहिजे, आणि चौदा वर्षे उलटलेल्या ज्यांना ती मिळणार नाही त्यांना वीस वर्षे पुरी करू देऊन पेन्शन दिली पाहिजे. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे त्या पीठावर होते. पुढे २५ मार्च २०२१ च्या निकालात निवडीच्या कसोट्याच बायकांवर अन्याय करणाऱ्या होत्या, असेही न्यायालयाने म्हटले.

परंतु त्याआधीच बाहेर पडलेल्यांचे काय? हवाई दलातील ३२ स्त्री अधिकारी २००६ ते २००९ या काळात सेवामुक्त झाल्या होत्या. त्यांचा निकाल १६ नोव्हेंबर २०२२ रोजी लागला. इतक्या वर्षांनी पुन्हा नोकरीवर घेणे शक्य नाही, पण ज्या पात्र ठरतील त्यांची वीस वर्षे पुरी झाली असे धरून पेन्शन द्यावी, असे न्यायालय म्हणाले.

या सगळ्या निकालांत एकच गोष्ट सापडते. या बायकांना कोणी काम येत नाही म्हणून काढले नव्हते. कामाची वर्षे मोजायची की नाही, एवढाच तंटा होता.

बाहेर पडून उभ्या राहिलेल्या

१९९२ च्या तुकडीतील पहिली कॅडेट प्रिया झिंगन. कायद्याच्या शाखेत दहा वर्षे नोकरी करून त्या मेजर हुद्द्यावर बाहेर पडल्या. नंतर त्यांनी सिक्कीममध्ये वृत्तपत्राचे संपादन केले आणि पुढे शाळेत शिकविले. आपल्या मराठी बाईंपैकी लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर यांचे नाव पुष्कळांना माहीत असेल. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकल्या, मुलांच्या मूत्रपिंडाच्या विकारांच्या तज्ज्ञ झाल्या, त्याच महाविद्यालयाच्या अधिष्ठाताही झाल्या. लेफ्टनंट जनरल किंवा त्याच्या बरोबरीच्या हुद्द्यावर पोचलेल्या देशातील त्या तिसऱ्या स्त्री. २०२१ साली नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरुपदी त्यांची नेमणूक झाली.

अशी नावे वाचून ऊर भरून येतो हे खरे. पण नीट पाहिले तर दोघींच्याही हातात असे शिक्षण होते की ज्याला वर्दीच्या बाहेरही किंमत आहे. डॉक्टर, वकील, शिक्षिका यांची वर्षे बाहेर मोजली जातात. भांडार सांभाळलेली, वाहनांचा ताफा चालविलेली, संदेशयंत्रणा राखलेली मुलगी बाहेर आली, तर 'तुझा अनुभव कागदावर कोणता?' असा प्रश्न तिला पडतो. काम तिला येते. कारखान्याच्या स्टोअरचा किंवा वाहतुकीचा कारभार ती चोख करील. पण बाहेरच्या जगाला कळेल असा दाखला तिच्याजवळ हवा.

साताऱ्याच्या स्वाती महाडिक यांची गोष्टही इथे सांगायला हवी. त्यांचे पती कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाडा भागात वीरगतीस प्राप्त झाले. स्वातीताई शिक्षिका होत्या. वयाची अट शिथिल करून घेऊन, निवड परीक्षा देऊन, त्या ९ सप्टेंबर २०१७ रोजी लेफ्टनंट झाल्या. दोन मुलांच्या आईने मोडलेला संसार असा सावरला. आयुष्य नव्याने मांडण्याला वयाची मर्यादा नसते, हे आपल्या जिल्ह्यानेच दाखवून दिले आहे.

चार वर्षांची सेवा

आता मेळाव्यातील त्या सभासदांच्या प्रश्नाकडे येऊ. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. तेव्हाची वयाची अट साडेसतरा ते एकवीस, सेवा चार वर्षे. चौघांत एकाला पुढे कायम ठेवावयाचे, बाकीच्यांनी घरी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. पगारातून दरमहा ३० टक्के कापून तेवढीच भर सरकार घालणार आणि शेवटी व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये सेवानिधी मिळणार, अशी मूळ तरतूद. मुलींना सैन्याच्या लष्करी पोलिस दलात आणि नौदलात या मार्गाने वाट मिळाली. नौदलाची पहिली अग्निवीर तुकडी २८ मार्च २०२३ रोजी चिलिका येथून बाहेर पडली, तीत २७३ मुली होत्या. त्यांची चार वर्षे पुरी होतात २०२६ च्या अखेरीस.

एकीकडे खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून ३० मे २०२५ रोजी मुलींची पहिली तुकडी, १७ जणींची, बाहेर पडली. त्यांची वाट लांबची आहे. परंतु आपल्या खोऱ्यातल्या बहुतेक मुली शिपाई म्हणून जाणार आणि त्यांतल्या बऱ्याच बावीस-पंचविसाव्या वर्षी परत येणार. हातात दहा-अकरा लाख आणि पुढे चाळीस वर्षांचे आयुष्य. त्या पैशाचे लग्न करून टाकायचे, की त्याची मुळी धरू द्यायची, हा घरचा निर्णय आहे. म्हणून तो घरात बसून, मुलगी जायच्या आधी झाला पाहिजे.

खोडवा मरत नसतो

ऊस तुटून गेला म्हणजे रान उघडे दिसते. नवख्याला वाटते, पीक संपले. जाणत्याला ठाऊक असते की मुळे जिवंत आहेत. पहिल्या पंधरा दिवसांत बुडखे जमिनीलगत छाटले, पाचट न जाळता कुट्टी करून सरीत दाबले, पहारीने खत मुळाशी दिले, तर खोडवा लागणीच्या बरोबरीने येतो. दुर्लक्ष केले की तोच खोडवा निम्म्यावर येतो, आणि आपण म्हणतो जमीनच हलकी. परतलेल्या मुलीचे पहिले वर्षही असेच आहे. तिथे ती हुकूम देत-घेत होती. वेळ ठरलेली, काम ठरलेले, सोबतीला बरोबरीच्या मैत्रिणी. घरी आली की पहाटे पाचला उठून करायचे काय, इथपासून सुरुवात. बोलणारे फक्त लग्नाचे बोलतात. त्या वर्षात तिला कामाचा मुळाशी आधार मिळाला तर ती फुटते.

सातबारा आणि हक्कसोड

आमच्या खात्याचा रोजचा अनुभव असा की ज्याच्या नावे सातबारा, त्याच्या नावे ऊस नोंद, आणि त्याच्याच नावे सोसायटीचे कर्ज. परतलेल्या मुलीने स्वतःच्या पैशातून ठिबक करायचे म्हटले तरी रान कोणाचे, हा प्रश्न पहिला येतो. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून दिला, आणि हा हक्क जन्मतः आहे, त्या तारखेला वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. तरीही गावोगाव होते काय, तर मुलगी रजेवर आली की गडबडीत हक्कसोडपत्रावर सही घेतात. 'तुला काय, सरकारी नोकरी हाय' असे म्हणतात. ती नोकरी चार वर्षांची आहे, हे सही घेताना कोणी बोलत नाही.

कोयनेच्या माणसाला याहून जास्त समजावून सांगायला नको. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर पाडले. माणसे ढिगाऱ्यातून उठली आणि पुन्हा उभी राहिली. परंतु धरणात जमिनी गेलेल्यांना २०१८ सालीही कोयनानगरला आंदोलनाला बसावे लागले. कष्टात ते कमी पडले नव्हते. कागदावर त्यांचा हिशोब पुरा झाला नव्हता. जे आपल्या आजा-पणज्यांच्या वाट्याला आले, ते आपल्याच हाताने लेकीच्या वाट्याला येऊ देऊ नये.

करावयाच्या गोष्टी

१) मुदत मधेच सोडून येऊ नये. ठरलेली मुदत पुरी करून, ग्रॅच्युइटी घेऊन सुटलेल्या अल्प मुदतीच्या अधिकाऱ्याला माजी सैनिकाचा दर्जा मिळतो. पेन्शन लागू होण्यापूर्वी स्वतःच्या विनंतीवरून मधेच सुटल्यास तो सहसा मिळत नाही.

२) माजी सैनिकाला केंद्राच्या गट 'क' पदांसाठी वयातून सेवेची वर्षे वजा होऊन वर तीन वर्षांची सूट मिळते. म्हणजे इथे तरी वर्षे मोजली जातात. अग्निवीरांसाठी केंद्रीय सशस्त्र पोलिस दले व आसाम रायफल्स यांत १० टक्के जागा २०२२ साली जाहीर झाल्या.

३) सेवेत असतानाच शिक्षण पुरे करावे. अग्निवीरांसाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने पदवीचा अभ्यासक्रम आखला, त्यात निम्मे गुण सैन्यातील प्रशिक्षणाचे धरले जातात. चार वर्षांत पदवी हातात आली तर ती वर्षे वाया गेली असे कोणी म्हणणार नाही.

४) सेवेत झालेली दुखापत किंवा आजार सुटण्यापूर्वी वैद्यकीय मंडळाच्या कागदावर आलाच पाहिजे. मागाहून सिद्ध करणे फार जड जाते.

५) घरी आल्यावर पहिल्या महिन्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन चौकशी व नोंद करावी. सातारा आणि सांगली, दोन्ही ठिकाणी कार्यालय आहे. सेवामुक्तीच्या दाखल्याच्या चार प्रती काढून ठेवाव्यात, मूळ कोणाकडे देऊ नये.

६) शेतीत उतरायचे असेल तर थोड्या जागेत सुरू करण्याजोगा धंदा ऊस रोपवाटिकेचा. पाडेगावच्या संशोधन केंद्राकडून किंवा मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडून शुद्ध बेणे आणून बेणेमळा करावा, एक डोळ्याची रोपे ट्रेमध्ये वाढवावीत. पंचवीस-तीस दिवसांत रोप लावण्याजोगे होते. पाच फुटी सरीत दीड ते दोन फुटांवर रोप धरल्यास एकरी सुमारे साडेचार ते पावणेसहा हजार रोपे लागतात. या धंद्यात शिस्त, नोंदवही आणि वेळेवर पाणी यांनाच किंमत आहे. फौजेत चार वर्षे काढलेल्या मुलीला हे शिकवावे लागणार नाही. सगळा सेवानिधी मात्र एकदम गुंतवू नये; पहिल्या हंगामात लहान सुरुवात करावी.

७) सातबारावर नाव, सोसायटीचे सभासदत्व आणि कारखान्याचा भाग या तीन गोष्टी मुलीच्या नावे करून देता येतात का, हे घरातल्या कर्त्याने पाहावे. विचारविनिमयासाठी आमच्या गट कार्यालयात यावे. कागदपत्रांची यादी आमचे कर्मचारी समजावून सांगतील.

सभासद बंधूंनो, आपण काट्यावर उभे राहून दहा किलोच्या फरकासाठी हुज्जत घालतो, आणि ते योग्यच आहे, कारण तो आपल्या घामाचा ऊस असतो. लेकीने देशासाठी दिलेल्या वर्षांचे वजनही तितक्याच बारकाईने पाहू या. पुढच्या भरतीला आपल्या गावची मुलगी उतरेल, तेव्हा तिला पेढे भरवू या, आणि त्याच दिवशी तिला विचारू या, की बाळ, परत आल्यावर काय करायचे ठरविले आहेस?

— ऊस विकास अधिकारी